रू पास्किएची राखणदारीण

सोलांज मार्कादला नोकरी लागल्याचं घरी कळलं तेव्हा तिचा बाप सूप पीत होता. गास्तोंने चमचा खाली ठेवला, मिशी पुसली आणि विचारलं, "कुठलं चॅपल म्हणालीस?"

"रू पास्किएवरचं. तुझ्या साँ-लाझार स्टेशनच्या मागचं."

"मुंडकं उडवलेल्या राजाचं?"

"राजाचं आणि राणीचंही."

"आणि तू तिथे काय करणार? मेणबत्त्या लावणार?"

"तिकिटं फाडणार. दारं उघडणार, बंद करणार. मासची प्रार्थना असेल तेव्हा खुर्च्या मांडणार."

गास्तों रेल्वेत इंजिन ड्रायव्हर होता. युनियनचा माणूस, पक्का लाल. पंचवीस वर्षं तो साँ-लाझारहून उपनगरांच्या गाड्या हाकत होता आणि त्याच्या फलाटापासून ते चॅपल सात मिनिटांच्या अंतरावर होतं. तो एकदाही तिकडे फिरकला नव्हता. "कम्यूनच्या वेळी, शहर कामगारांच्या हाती होतं तेव्हा, ते पाडायचा हुकूम निघाला होता," तो म्हणाला. "बिचाऱ्यांना वेळ मिळाला नाही. मी असतो ना, तर हातोडा घेऊन सगळ्यांच्या पुढे असतो."

"आधी सूप संपव," सोलांजची आई लुसिएन म्हणाली, "मग पाड."

ही १९८४ सालची गोष्ट. सोलांज तेव्हा एकोणतीस वर्षांची होती. त्याआधीची नऊ वर्षं तिने एका मोठ्या दुकानात हातमोज्यांच्या काउंटरवर उभं राहून काढली होती. पायांच्या शिरा फुगल्या, पाठ धरली, तेव्हा तिने सरकारी वास्तूंच्या राखणदारांची परीक्षा दिली आणि जी जागा मिळाली ती घेतली. राजाबद्दल तिला प्रेम नव्हतं तसा रागही नव्हता. तिला बसायला खुर्ची हवी होती.

खुर्ची मिळाली. काचेची लहानशी खोली, पायाशी विजेची शेगडी, खिळ्याला किल्ल्यांचा जुडगा. बाहेर गाड्यांची घरघर, पिशव्या सांभाळत जाणाऱ्या बायका, आणि आत पांढऱ्या दगडाचं अंगण, दोन्ही बाजूंना कमानी, समोर पायऱ्या, खांब आणि घुमट. दिवसाला कधी बारा माणसं यायची, कधी तीन. त्यांतली अर्धी शौचालय विचारायला. पहिल्या हिवाळ्यात सोलांजला वाटलं, इथे आपण कंटाळून मरू. दुसऱ्या हिवाळ्यात तिच्या लक्षात आलं की आपण दुपारी जेवणाच्या सुट्टीतही बाहेर जात नाही. घरून आणलेला पाव आणि चीज तिथेच अंगणात, कमानीखाली बसून खातो.

लोक विचारायचे म्हणून ती गोष्ट सांगायला शिकली. ही जागा म्हणजे जुनं कब्रस्तान. क्रांतीच्या दिवसांत चौकात ज्यांची मुंडकी उडवली त्यांना गाडीत घालून इथे आणायचे, खड्ड्यात टाकायचे, वर चुना. जानेवारीत राजाला आणलं, ऑक्टोबरात राणीला. पलीकडच्या घरात एक वकील राहायचा. त्याने जागा ध्यानात ठेवली, पुढे ती जमीनच विकत घेतली, भोवती कुंपण घातलं, खुणेची झाडं लावली आणि तोंड मिटून बसला. बावीस वर्षांनी राजाचा भाऊ गादीवर आला तेव्हा त्या वकिलाने बोट दाखवलं, तिथे खणलं. सापडलेली हाडं मोठ्या इतमामाने साँ-दनीला राजघराण्याच्या थडग्यांत नेली आणि भावाने इथे हे चॅपल बांधलं.

"ती हाडं त्यांचीच होती, असं म्हणतात," सोलांज शेवटी सांगायची.

एकदा एका उंच गृहस्थाने तिला टोकलं. "म्हणतात म्हणजे काय, मादाम? होतीच."

"मी नव्हते तेव्हा, मस्यू," सोलांज म्हणाली आणि त्यांच्यासाठी दार उघडून उभी राहिली.

एकवीस जानेवारीला, राजाला मारलं त्या तारखेला, चॅपलमध्ये मास व्हायचा. काळे कोट, जुन्या फरच्या टोप्या, लिलीची फुलं. सोलांज सकाळी सातला येऊन खुर्च्या पुसायची. आणि त्याच दिवशी दुपारी तिचा बाप आपल्या तीन रेल्वेवाल्या मित्रांना घेऊन आपल्या कोलोंब उपनगरातल्या एका खानावळीत वासराचं उकडलेलं डोकं खायचा. तो जुना प्रजासत्ताकी रिवाज होता. राजाचं डोकं उडवल्याच्या आनंदात वासराचं डोकं, बरोबर अंड्याचा आंबट सॉस. संध्याकाळी दोघं घरी यायची. तिच्या कोटाला उदाचा वास, त्याच्या मिशीला व्हिनेगरचा.

"कसा होता तुझा राजा?" गास्तों विचारायचा.

"मेलेलाच. तुझं वासरू?"

"तेही."

मासला येणाऱ्यांत मादाम द कॅर्सांत म्हणून एक सडपातळ म्हातारी होती. ती दरवर्षी सोलांजशी हात मिळवायची. एका वर्षी तिने विचारलं, "तुमचे वडील कधी मासला येत नाहीत?" सोलांजला खोटं बोलायचा कंटाळा. तिने खरं काय ते सांगून टाकलं.

"बरोबर सॉस कुठला?" मादाम द कॅर्सांतने विचारलं.

"अंड्याचा, मादाम."

"मग ठीक आहे. नुसतं व्हिनेगर असतं तर मला वाईट वाटलं असतं."

अशी वीस वर्षं गेली. लुसिएन वारली. गास्तों निवृत्त होऊन बराच काळ झाला होता. सोलांजने लग्न केलं नाही. एक माणूस होता, पण तो लियोंला बदलून गेला आणि त्याची पत्रं विरळ होत गेली. ती बापाबरोबर कोलोंबच्याच घरात राहिली. घरातल्या कपाटावर एक फोटो होता. रेल्वेची टोपी घातलेला तरुण, कान थोडे बाहेर आलेले. तो फर्नां, गास्तोंचा बाप. त्याच्याबद्दल घरात बोलणं नसायचं. सोलांजला ठाऊक होतं ते एवढंच, की १९४४च्या ऑगस्टमध्ये, पॅरिस मुक्त व्हायला दहा दिवस उरले असताना, इंजिनांच्या शेडमधून अकरा माणसांना जर्मनांनी ट्रकमध्ये चढवलं, त्यांत फर्नां होता. अकरांतला एकही परत आला नाही. शेडच्या भिंतीवरच्या फरशीवर त्यांची नावं होती. गास्तों दरवर्षी तिथे जायचा, दोन मिनिटं उभा राहायचा आणि परत यायचा. "नाव भिंतीवर आहे. बास," एवढंच म्हणायचा.

२००५च्या फेब्रुवारीत एक पत्र आलं. उत्तरेकडच्या एका लहान गावाच्या नगरपालिकेचं. खेळाच्या हॉलसाठी पाया खणताना, जुन्या रेतीच्या खाणीपाशी, सहा माणसांची हाडं सापडली होती. दोघांच्या अंगावर रेल्वेच्या गणवेशाची बटणं. त्या दिवसांत नाहीशा झालेल्यांच्या नातेवाइकांनी तपासणीला यावं, गालाच्या आतून कापूस फिरवतील, बाकी काही नाही, असं लिहिलं होतं.

गास्तोंने पत्र दोनदा वाचलं, घडी घातली आणि पावाच्या टोपलीखाली सरकवलं.

"कधी जायचं?" सोलांजने विचारलं.

"नाही जायचं."

"पपा..."

"साठ वर्षं झाली. हाडांचं कौतुक राजांना, सोलांज. आमच्यासारख्यांना नाव मिळालं भिंतीवर, तेच डोक्यावरून पाणी."

सोलांज सहसा भांडायची नाही. पण त्या सकाळी तिच्या तोंडून निघून गेलं. "वीस वर्षं मी लोकांना सांगतेय की एका भावाने बावीस वर्षांनी येऊन जमीन खणली. तुला खणायचंही नाही. तुला फक्त तोंड उघडायचंय."

"त्या भावाला गादी मिळाली होती!" गास्तोंने टेबलावर थाप मारली. "मला काय मिळणार आहे? एक डबा?"

त्यानंतर आठवडाभर घरात मीठ मागण्यापुरतंच बोलणं झालं.

मार्चमधल्या एका गुरुवारी, अकराच्या सुमारास, सोलांज काचेच्या खोलीत नोंदी करत होती. बाहेरून कोणीतरी काचेवर टकटक केली.

"एक म्हातारा. त्याला सवलत आहे का?"

तिने वर पाहिलं. गास्तों होता. लुसिएनच्या अंत्यविधीला घातलेला कोट, दाढी गुळगुळीत, मान ताठ. तो कोलोंबहून एकटा आला होता. गुडघ्याच्या दुखण्याने तो तेव्हा पावाच्या दुकानापर्यंतही क्वचित जायचा.

सोलांजने तिकीट काढलं, रीतसर फाडलं, अर्धं त्याला दिलं. मग किल्ल्या उचलल्या, खोलीच्या दारावर 'पाच मिनिटांत येते'ची पाटी लावली.

"पायरी निसरडी आहे. हात धर."

"धरतो. पण मी इथे राजासाठी आलेलो नाही, सांगून ठेवतो."

"कळलं."

चॅपलमध्ये शिरल्यावर तो थांबला. सगळेच थांबतात. घुमटातून वरून उजेड येतो आणि बाहेरचा रस्ता एकदम दूर गेल्यासारखा होतो. उजवीकडे गुडघ्यावर बसलेला संगमरवरी राजा, त्याला देवदूत वर बोट दाखवतोय. गास्तोंने त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"कपडे झकास दिलेत त्याला."

"पुतळ्याला देतात."

डावीकडे राणी होती. तिच्या पुतळ्याखालच्या दगडावर तिचं शेवटचं पत्र कोरलेलं आहे. गास्तोंने खिशातून चष्मा काढला. सोलांजला वाटलं, दोन ओळी वाचून सोडून देईल. पण तो वाचतच राहिला, एका हाताने गुडघा धरून, ओठ हलवत, रेल्वेचं वेळापत्रक वाचावं तसं एकेक ओळ. ती बाजूला उभी राहिली. एक जपानी जोडपं आलं, फोटो काढून गेलं. तो वाचतच होता.

"मुलांबद्दल आहे सगळं," शेवटी तो म्हणाला.

"हो."

"कुणाला लिहिलंय?"

"नणंदेला. मुलं तिच्या हवाली करत होती."

"पोचलं?"

"नाही. कुणीतरी ठेवून घेतलं. नणंदेला ते कधी दिसलंच नाही. पुढल्या वर्षी तिलाही नेलं."

गास्तोंने चष्मा काढला आणि बराच वेळ तो कोटाच्या कडेने पुसत राहिला.

मग ती त्याला खाली तळघरात घेऊन गेली. जिना अरुंद होता. तो एकेक पायरी दोन्ही पावलं टेकवत उतरला. खाली ओल होती, दिवा मंद होता, समोर काळ्या-पांढऱ्या संगमरवराची वेदी.

"इथे?"

"इथे राजाची हाडं सापडली."

"त्याचीच कशावरून?"

सोलांज इतक्या वर्षांत हा प्रश्न हजारदा ऐकून बसली होती. पण बापाला तिने लोकांना देते ते उत्तर दिलं नाही. "वकिलाने जागा दाखवली म्हणून. चुन्याने फार काही उरलंच नव्हतं. आजूबाजूला शेकडो लोक पुरलेले. खात्री कोण देणार?"

"म्हणजे एखादा पाववालाही असेल."

"असेल."

"आणि साँ-दनीला राजाच्या थडग्यात जाऊन झोपलाय."

"असेलही, पपा."

तिला वाटलं तो हसेल. तो हसला नाही. तिथे भिंतीला लागून एक बाक होतं, त्यावर तो बसला. टोपी काढून मांडीवर ठेवली.

"माझ्या आईने एकसष्ट मुडदे पाहिले," तो म्हणाला. "मी मोजले होते. चव्वेचाळीसच्या सप्टेंबरपासून. कुठे खड्डा उघडला असं कळलं की आम्ही निघायचो. कधी सायकलवर, कधी दुधाच्या गाडीत. ती चेहरे बघायचीच नाही. बूट बघायची. त्याच्या डाव्या बुटाला तिने स्वतः टायरचा तुकडा लावला होता. ती चिखलात गुडघ्यावर बसून एकेक डावा बूट वर करून बघायची, आणि मी मागे उभा. चौदा वर्षांचा होतो. एकसष्टाव्यानंतर ती म्हणाली, घरी चल. मग कधीच गेलो नाही."

सोलांज त्याच्या शेजारी बसली. हे तिने कधी ऐकलं नव्हतं. तिच्या आईला तरी ठाऊक होतं की नाही, कुणास ठाऊक.

"तुला वाटतं मी हट्टी आहे," गास्तों म्हणाला. "ते आहेच. पण त्यांनी 'नाही' म्हटलं तर, याचं मला भय नाही गं. 'हो' म्हणाले तर? मग तो मेला. गेल्या महिन्यात तो शंभर वर्षांचा झाला असता. मी खुळा नाही. तरी जिन्यात जड बूट वाजले की अजून मान वर होते माझी."

वरून कुणाच्या तरी बोलण्याचा आवाज आला, पावलं वाजली, दूर गेली. सोलांजने त्याचा हात हातात घेतला. इंजिनाच्या दांड्याने घट्टे पडलेला तो तळवा निवृत्तीनंतर इतक्या वर्षांनीही तसाच टणक होता.

"चल वर," थोड्या वेळाने तोच म्हणाला. "इथे सर्दी होते. तू कशी बसतेस कोण जाणे."

अंगणात आल्यावर दोन्ही बाजूंना ओळीने लावलेले दगड पाहून तो थबकला.

"ही थडगी कुणाची?"

"स्विस शिपायांची. राजवाड्याच्या दारावर मेले ते."

"नावं कुठायत?"

"नाहीत. नुसती आठवण म्हणून आहेत."

"म्हणजे पगारी माणसं."

"हो. डोंगराकडची. शेतकऱ्यांची मुलं असायची बहुतेक."

गास्तोंने राजासमोर टोपी काढली नव्हती, राणीसमोरही नाही. इथे ती त्याच्या हातातच होती. डोक्यावर घालायला उचलली आणि तशीच खाली केली. तो एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सावकाश चालत गेला, प्रत्येक दगडापाशी क्षणभर थांबत. परत आला तेव्हा नाक लाल झालं होतं. थंडीही होतीच.

"तो कापूस कुठे फिरवतात?" त्याने विचारलं.

कापूस एप्रिलमध्ये फिरवला. निकाल सप्टेंबरात आला. सोलांजने पाकीट उघडलं आणि मोठ्याने वाचलं. सहांपैकी चौघांची ओळख पटली होती. फर्नां मार्काद त्यांत नव्हता. राहिलेल्या दोघांचं कुणाशीच जुळलं नव्हतं, गास्तोंशीही नाही.

"पुन्हा वाच."

तिने पुन्हा वाचलं. तो खिडकीपाशी गेला, बाहेर बघत उभा राहिला. सोलांजला वाटलं, आपण याला उगाच या वयात ओढलं. झाकलेलं होतं ते झाकलेलं राहू द्यायचं होतं. ती ते बोलणार, एवढ्यात तो वळला.

"त्या दोघांना पुरणार कोण?"

"गावच पुरणार. चौदा ऑक्टोबरला, सगळ्यांना एकत्र. लिहिलंय खाली."

"त्या दिवशी सुट्टी काढ."

गाव दिसायला अगदी साधं होतं. चर्च, शाळा, बिटाची शेतं. कब्रस्तानात सहा पेट्या ठेवल्या होत्या, इतक्या लहान की सोलांजला पाहवेना. चौघांपाशी नावांच्या पाट्या आणि माणसं; मुलं, नातवंडं, चाकांच्या खुर्चीतली एक भाची. उरलेल्या दोन पेट्यांपाशी नगरपालिकेचा एक पुष्पगुच्छ आणि कुणी नाही. गास्तों कुणाला न विचारता त्या दोन पेट्यांच्या मध्ये जाऊन उभा राहिला. महापौरांचं भाषण झालं, बिगुल वाजला. तासभर तो हलला नाही. सोलांजने खुर्ची आणली तर डोळ्यांनीच नको म्हणाला.

विधी संपल्यावर एक ठेंगणी म्हातारी काठी टेकत त्याच्याकडे आली. तिचं नाव ओदिल. तिच्या बापाची ओळख पटली होती.

"तुमचं कोण यांतलं?" तिने विचारलं.

"कुणी नाही, मादाम. माझा बाप नाही सापडला. यांच्यापाशी कुणी नव्हतं, म्हणून मी."

ओदिलने त्याच्या कोटाची बाही धरली. "मग जेवायला आमच्यात बसा. माझ्या बापाला एवढी माणसं कधी भेटली नाहीत, थोडी तुम्हालाही भेटू देत."

शाळेच्या हॉलमध्ये लांब टेबलांवर जेवण होतं, डुकराचं मांस आणि पांढऱ्या घेवड्याचा रस्सा. तिथे, अनोळखी माणसांच्या गराड्यात, गास्तोंने डाव्या बुटाची गोष्ट दुसऱ्यांदा सांगितली. टेबलापलीकडून एकाने सांगितलं की आपली आई कमरेचे पट्टे बघायची. दुसरी एक म्हणाली, आमच्याकडे दात. सोलांज ऐकत होती. तिला वाटलं, ही सगळी माणसं साठ वर्षं आपापल्या घरी एकटीच बसली होती.

गास्तों आणखी चार वर्षं जगला. दर ऑक्टोबरात दोघं त्या गावी जायची, दोन बिननावी दगडांवर फुलं ठेवायची, ओदिलकडे कॉफी घ्यायची. फर्नां सापडला नाही. जिन्यात बूट वाजले की गास्तोंची मान शेवटपर्यंत वर व्हायची, पण तो आता स्वतःवरच हसायचा. "पोस्टमन," म्हणायचा. "दुसरं कोण असणार." २००९च्या वसंतात तो झोपेतच गेला. सोलांजने त्याला लुसिएनशेजारी पुरलं आणि दगडावर त्याच्या नावाखाली बापाचंही नाव कोरून घेतलं, जन्माचं साल घालून, पुढे काही न लिहिता.

ती आणखी आठ वर्षं रू पास्किएवर होती. निवृत्त झाली तेव्हा सहकाऱ्यांनी केक आणला. मादाम द कॅर्सांत जाऊन बराच काळ झाला होता. तिच्या नातवाने लिलीची फुलं पाठवली.

ऑक्टोबरात सोलांज अजून उत्तरेची गाडी पकडते. मागल्या वर्षी ती कब्रस्तानात पोचली तर दोनपैकी एका दगडापुढे एक मध्यमवयीन बाई उभी होती, हातात नवी पितळी पाटी घेऊन. स्पेनहून आली होती. तिचा आजोबा यादवी युद्धात हरून फ्रान्समध्ये पळून आला होता आणि रेल्वेच्या दुसऱ्या एका शेडमध्ये हमालीचं काम करायचा. त्याची फ्रान्समध्ये कुठेच नोंद नव्हती, म्हणून इतकी वर्षं लागली. तिला पाटी बसवायला स्क्रू घट्ट होईना. सोलांजने पर्स उघडली, नखं घासायची कानस काढली आणि दोघींनी मिळून ती पाटी बसवली.

"आणि हा शेजारचा?" बाईने मोडक्या फ्रेंचमध्ये विचारलं.

"याचं अजून कुणी आलेलं नाही," सोलांज म्हणाली. "याच्याकडे मी येते."